थेट

सोहार बंदराबाहेर, गोदाम क्रमांक सहा.
इथल्या अकरा प्रिंटरांची बारशी मीच केली:
कस्टम्स-डावा, कस्टम्स-उजवा, लोडिंग बे,
आणि हिशेबाच्या खोलीतला म्हातारा,
जो पहिला कागद थोडा चावूनच देतो.

राऊटर पडून उठला की
प्रत्येकाला नवा आकडा मिळायचा,
आणि कुणीतरी आपलं चलन शोधत तीन दालनं पालथी घालायचं.
म्हणून एका शुक्रवारी एकटाच बसून
अकराही जणांना कायमचे पत्ते देऊन टाकले.
लोडिंग बेचा शेवटचा आकडा सतरा.
वीज जावो, वाळूचं वारं सुटो,
तो सतरालाच राहतो.
माझ्या रेसिडेन्ट कार्डावर
अजून सात महिने आहेत.

ऑगस्ट. दुपारी प्रिंट सर्व्हर बसला.
रांगेत त्रेचाळीस कामं,
प्रत्येकापुढे एकच शेरा: थांबलेलं.
खल्फान मंदूब काउंटरवर चावी वाजवतोय,
रोवेना तिसऱ्यांदा तेच बटण दाबतेय,
(चौथं काम चव्वेचाळिसावं होऊन मागे उभं राहतं)
आणि फोर्कलिफ्ट बाहेर सोडून
हुसेन मुकादम आत आला, दाभोळचा,
घामाने मोबाइलची काच पुसत.
एकच पान आहे, म्हणाला. घरचं आहे.

घरचं पान रांगेत कशाला लावायचं?
सर्व्हरला वळसा घातला,
दार नव्याण्णवशे नाही, एक्क्याण्णवशे,
आणि मजकूर जसाच्या तसा सतरावर सोडला.
मध्ये ड्रायव्हर नाही, परवानगी नाही, एजंट नाही.

पाच पानं आली.
ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेलेल्या,
काही तर कागदाबाहेर पडलेल्या.
मराठीचं एकही अक्षर अख्खं नव्हतं,
प्रत्येकाचे तीन तुकडे:
आधी टोपी घातलेला परका ए,
शेवटी काहीबाही,
आणि मधोमध दरवेळी, न चुकता,
कुठल्यातरी चलनाची खूण.

मी त्याला समजावत होतो, यंत्राला आपली लिपी माहीत नाही,
ते एकेक तुकडा सुटा वाचतं, म्हणून—
मुकादम पान उलटसुलट करून हसला.
"अक्षरागणिक पैसा?
मग बरोबरच आलंय की रे."

दुसऱ्यांदा मी अक्षरांचं चित्र केलं.
आता वाचायचं काही उरलं नव्हतं,
नुसतं काढायचं होतं.
सतराने ते मुकाट्याने काढलं.

गरम कागद. दमट हवेने कोपरा लगेच वळला.
"आमराईतल्या विहिरीवरचा माझा हिस्सा
धाकटा भाऊ लियाकत यास देण्यास
माझी हरकत नाही."
खाली सहीपुरती जागा.

पेन मी पुढे केलं होतं.
तो उभ्या उभ्या वाचत राहिला,
चार ओळींना लागतो त्यापेक्षा बराच वेळ.
मोबाइलवर हे एवढं वाटलं नव्हतं, म्हणाला.
मग म्हणाला, पंपाचं राहिलं.
पंप मी पाठवलेला इथून.

घडी चार पदरी घातली,
पिवळ्या जाकिटाच्या आतल्या खिशात सरकवली.
फुटक्या अक्षरांची पानंही मागून घेतली.
ती कशाला, ते मी विचारलं नाही.
पेन माझ्याच हातात राहिलं.

महिनाअखेर शिजू यादी घेऊन आला:
सतराच्या मीटरवर सहा पानं जास्त,
आणि रांगेत त्यांची नोंद नाही.
थेट गेलेल्याची नसतेच, मी सांगितलं.
मग कारण काय लिहू?
लिही, चाचणी पान.
त्याने सहा वेळा लिहिलं. शिजू तसाच आहे.

काल रात्री मुकादमचा मेसेज आला.
दोन हजार अकराची पावती, दापोलीच्या दुकानाची,
फोटो वाकडा, आकड्यांवर अंगठ्याची सावली,
पण पंपाची अश्वशक्ती स्पष्ट वाचता येते.
खाली एवढंच:
सतरावर टाक. थेट.